धान्याचा खांब

सप्टेंबरच्या अखेरीस स्टुटगार्टमध्ये दुपारी कोवळे ऊन असते आणि सूर्य कलला की अंगात स्वेटर चढवावा लागतो. या दिवसांत मुख्य स्थानकावरून बाड कानश्टाटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उभे राहायलाही जागा मिळत नाही. गुडघ्यापर्यंतच्या चामडी चड्ड्या घातलेले तरुण, घेरदार झग्यावर एप्रन बांधलेल्या मुली, कडेवर पोर घेतलेले बाप, आणि त्यांच्यात पुण्याहून इथल्या मोटार कंपन्यांत नोकरीला आलेले दोन-तीन मराठी चेहरे. गाडी नेकार नदी ओलांडते, लोक भराभर उतरतात आणि थोडे चालले की वाझन लागते. वाझन म्हणजे कुरण. नदीकाठच्या या मैदानावर दर शरद ऋतूत सतरा दिवस फोल्क्सफेस्ट भरते, म्हणजे शब्दशः लोकांची जत्रा. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टचे नाव जगाला पाठ आहे. कानश्टाटचे नाव जर्मनीबाहेर फारसे कोणी घेत नाही, तरी चाळीस लाखांच्या आसपास माणसे इथे येऊन जातात.

हजारोंनी माणसे मावतील असे मंडप, लांबच लांब बाके, मधोमध बँड. एक लिटर बिअर मावणाऱ्या जाड काचेच्या मगाला इथे ‘मास’ म्हणतात. वाढणाऱ्या बायका असे भरलेले कितीतरी मग दोन्ही हातांत कवटाळून गर्दीतून वाट काढतात आणि थेंब सांडत नाहीत. भाजलेल्या कोंबडीला इथल्या श्वाबी बोलीत ‘ग्योकेले’ म्हणतात. तिच्या खरपूस वासाने सगळे मैदान भरून गेलेले असते. चामडी चड्ड्या मात्र इथल्या नव्हेत. तो बव्हेरियाचा पेहराव गेल्या काही दशकांत या मैदानावर रुजला, आणि जुन्या स्टुटगार्टकरांना तो अजून खटकतो.

या सगळ्याच्या मध्यावर एक खांब उभा आहे. सव्वीस मीटर उंच, लाकडी, आणि वरपासून खालपर्यंत शेतमालाने मढवलेला: गव्हाच्या-ओटच्या पेंढ्या, मक्याची कणसे, भोपळे, सफरचंदे. त्याला ‘फ्रुख्टझॉयले’ म्हणतात, म्हणजे पिकांचा स्तंभ. त्याच्या पायथ्याशी तरुण पोरे एकमेकांची वाट पाहत उभी असतात. बिअरच्या जत्रेत धान्याचा खांब कशाला, हा प्रश्न मला पहिल्याच संध्याकाळी पडला. त्याचे उत्तर शोधत गेलो तेव्हा कळले की ही जत्रा पोट भरलेल्या लोकांनी सुरू केलेली नाही.

ती गोष्ट सुरू होते हजारो किलोमीटर दूर. १८१५च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरचा तांबोरा हा ज्वालामुखी फुटला. १० एप्रिलचा स्फोट माणसाच्या लेखी इतिहासातला सर्वांत मोठा मानला जातो. जावा बेट तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते आणि स्टॅमफर्ड रॅफल्स तिथला कारभार पाहत होते. पहिले आवाज ऐकून जावातल्या लोकांना वाटले की कुठेतरी तोफा डागल्या जात आहेत. योग्यकार्ताहून तर शत्रू चालून आला या समजुतीने शिपायांची तुकडीही निघाली. डोंगराची जवळजवळ एक तृतीयांश उंची नाहीशी झाली. बेटावर आणि आसपास हजारो माणसे मेली, काही राखेखाली आणि त्याहून जास्त नंतरच्या उपासमारीने. गंधकाचे वायू आभाळात फार उंच गेले आणि धुरकट पडद्यासारखे पृथ्वीभोवती पसरले. पुढच्या वर्षी उन्हातली धग गेली ती त्या पडद्यामुळे.

तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते. सूर्यावरचे डाग त्या धुरकट आभाळातून नुसत्या डोळ्यांना दिसत होते, म्हणून काहींनी दोष त्यांना दिला. काहींनी घरांवर नव्याने बसवलेल्या वीजरोधक सळ्यांना दिला. तांबोराचा आणि त्या थंड वर्षाचा संबंध जोडायला विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांनी तो मांडला, तोवर त्या वर्षी उपाशी मेलेल्यांची नातवंडेही म्हातारी झाली होती.

हिंदुस्थानही त्या पडद्याखालीच होता. १८१६चा मोसमी पाऊस विस्कटला, आणि १८१७ साली बंगालमध्ये उसळलेल्या पटकीच्या साथीचे एक मूळ त्या विस्कटलेल्या पावसात आहे, असे काही अभ्यासक मानतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ही साथ बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली आणि पुढच्या वर्षी दख्खनेत उतरली. ते महिने मराठी माणसाला वेगळ्या कारणाने पाठ असतात. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ची, आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पेशवाईचा शेवट आपण पुन्हा पुन्हा वाचतो, पण त्या वर्षांच्या आभाळाकडे मान वर करून पाहत नाही.

आता व्युर्टेमबेर्गकडे येऊ. स्टुटगार्ट ही या छोट्या राज्याची राजधानी. नेपोलियनच्या कृपेने १८०६ साली तिथला सत्ताधीश फ्रीडरिश राजा झाला, आणि त्या कृपेची किंमत प्रजेने मोजली. १८१२च्या रशिया मोहिमेत व्युर्टेमबेर्गने सुमारे १५,८०० माणसे पाठवली. त्यांतली काही शेच परत आली. घराघरांतून कमावता हात गेला होता. त्यात इथल्या चालीप्रमाणे बापाच्या जमिनीच्या वाटण्या सगळ्या मुलांत सारख्या होत, त्यामुळे पिढ्यागणिक शेतांचे तुकडे होत गेलेले. एखाद्या कुटुंबाकडे द्राक्षवेलींच्या चार ओळी आणि बटाट्यांचा एक पट्टा, एवढ्यावर वर्ष काढायचे. अशा घरात एक पीक बुडाले तर उधारी होते आणि दुसरे बुडाले तर भीक मागावी लागते. वरून राजाला शिकारीचा भारी नाद. त्याच्यासाठी राखलेली हरणे आणि रानडुकरे उभ्या पिकात घुसत, आणि शेतकऱ्याने त्यांना मारले तर शिक्षा शेतकऱ्यालाच.

१८१६चा मे उजाडला तो पावसात, आणि पाऊस थांबलाच नाही. मराठीत याला नेमका शब्द आहे: ओला दुष्काळ. जून-जुलैतही शेगड्या पेटवाव्या लागल्या. गवत कुजले, बटाटे जमिनीतच सडले, कापलेल्या धान्याला पेंढीतच मोड आले. नेकारच्या उतारांवरची द्राक्षे पिकलीच नाहीत. श्वाबी आल्प्सच्या पठारावर तर ओटचे पीक उभे असतानाच बर्फ पडला.

पुढचा हिवाळा जर्मनीच्या या भागात आजही ‘भुकेचे वर्ष’ म्हणून ओळखला जातो. धान्याचे भाव कित्येक पटींनी चढले. पिठात कोंडा, पेंढा, लाकडाचा भुसा, गवताची मुळे मिसळून भाकऱ्या भाजल्या गेल्या. दाराशी बांधलेली जनावरे वैरणीवाचून मेली किंवा कापली गेली. त्या दिवसांत पाव इतके लहान झाले की काही घरांनी एखादा वाळवून, काचेखाली ठेवून जपला. ‘हुंगरब्रोट’ नावाचे असे मुठीएवढे काळपट गोळे आजही इथल्या संग्रहालयांत दिसतात. कॅमेरा नव्हता, लिहिता येणारे थोडे, म्हणून लोकांनी पुरावा म्हणून पावच ठेवून दिला. मला त्या खांबाहूनही हा पाव जास्त बोलका वाटतो.

ज्यांना जमले ते देश सोडून निघाले. १८१७च्या वसंतात हाइलब्रोनला अमेरिकेला निघालेल्यांची रीघ लागली, तेव्हा सरकारने एका २७ वर्षांच्या हिशेबनिसाला तिथे पाठवले. तुम्ही का जाता, हे एकेकाला विचारून लिहून आणायचे, एवढेच काम. त्या तरुणाचे नाव फ्रीडरिश लिस्ट. त्याने शेकडो माणसांच्या जबान्या घेतल्या. त्यांत उपासमार होतीच, पण त्याहून जास्त राग होता करांवर, गावच्या अंमलदारांवर, राजाच्या हरणांवर. वाइन्सबेर्ग गावाचे नागरिक म्हणून राहण्यापेक्षा अमेरिकेत गुलाम होऊन राहू, असे म्हणणारीही माणसे त्यात होती. पुढे स्वतः लिस्टलाही देश सोडून अमेरिकेला जावे लागले, आणि तो जर्मनीतला मोठा अर्थशास्त्रज्ञ झाला. मागासलेल्या देशाने आपले उद्योग उभे राहीपर्यंत त्यांना संरक्षण द्यावे, हा त्याचा विचार. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी याच लिस्टचा आधार घेतला. हाइलब्रोनच्या धक्क्यावर उपाशी माणसांच्या तोंडून त्याने जे ऐकले, त्याचा दूरचा पडसाद पुण्यापर्यंत आला, असे मला मनापासून वाटते.

दुसरा लोंढा पूर्वेकडे गेला. व्युर्टेमबेर्गमध्ये कडव्या धर्मनिष्ठ कुटुंबांचे पंथ होते. १८३६ साली जगाचा अंत जवळ येईल, हे बेंगेल या धर्मपंडिताचे गणित त्यांच्यात पक्के बसले होते आणि पूर्वेला गेलो तर तरू असा त्यांचा विश्वास. उल्मला ते सपाट तळाच्या लाकडी नावांत बसले आणि डॅन्यूबने खाली निघाले. नदीच्या मुखाजवळ इझमाईलला त्यांना साथीमुळे अडवून ठेवण्यात आले आणि तिथेच शेकड्यांनी माणसे दगावली. जे उरले ते कॉकेशसपर्यंत पोहोचले. आजच्या जॉर्जियात त्यांनी १८१८ साली वसवलेल्या एका गावाला नाव दिले काटारिनेनफेल्ड, म्हणजे कातारिनाचे शेत.

ही कातारिना कोण, ते सांगायला हवे, कारण जत्रेची खरी नायिका तीच आहे. रशियाचा झार पहिला पाव्हेल याची ती मुलगी आणि झार अलेक्झांडरची लाडकी बहीण. तिची आई मूळची व्युर्टेमबेर्गचीच राजकन्या. नेपोलियननेही तिच्यासाठी शब्द टाकला होता, पण तो जुळला नाही. पहिला नवरा १८१२च्या युद्धात जखमी सैनिकांची व्यवस्था पाहताना तापाने गेला. जानेवारी १८१६ मध्ये तिने व्युर्टेमबेर्गचा युवराज विल्हेल्म याच्याशी लग्न केले. मराठी नात्यांत बसवू पाहिले तर तो तिचा सख्खा मामेभाऊ निघतो. ती स्टुटगार्टला आली त्याच वर्षी उन्हाळा हरवला. ३० ऑक्टोबर १८१६ रोजी राजा फ्रीडरिश मेला, आणि त्याच दिवशी कातारिनाला मुलगी झाली. म्हणजे ती बाळंतिणीच्या खोलीतच राणी झाली. बाहेर उपाशी राज्य उभे होते.

नव्या राजाने आधी दरबारातला खर्च कापला. बापाने हौसेने जमवलेला प्राणिसंग्रह मोडला, शिकारीचा थाट आवरला. पण मला भावते ते कातारिनाचे काम. डिसेंबर संपायच्या आत तिने गावोगावच्या मदतीला एका सूत्रात बांधणारी मध्यवर्ती समिती उभी केली. दान देणे तेव्हाही होते. ते देणाऱ्याच्या लहरीवर चाले. तिने ते कामाच्या पद्धतीवर आणले: कुठल्या तालुक्यात किती घरे उपाशी, कोणाला शिधा, कोणाला काम, कोणाच्या मुलांना शाळा, याच्या याद्या. माहेरचे वजन वापरून रशियातून धान्य आणवले. ते जहाजांनी आणि मग नदीमार्गाने यायला महिने लागत, पण आले. स्त्रियांना सूत कातायला दिले, मुलांसाठी हस्तकलेच्या शाळा काढल्या.

आणि गावोगावच्या अन्नछत्रांत रुमफोर्ड सूप शिजू लागले. याची कृती सांगण्यासारखी आहे. म्युनिकमध्ये काउंट रुमफोर्डने गोरगरिबांसाठी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ती ठरवली होती. सोललेले जव, वाटाणे, बटाटे आणि शिळ्या पावाचे तुकडे तासन्‌तास रटरट शिजवायचे, वर मीठ, आणि आंबटपणासाठी व्हिनेगर किंवा आंबून गेलेली बिअर. ज्या मैदानावर आज बिअर लिटरच्या मापाने मिळते, त्या मुलखात दोन शतकांपूर्वी बिघडलेली बिअरही टाकून देत नव्हते, ती उपाशी माणसाच्या वाडग्यात जात होती.

जव हे धान्य दोघांना हवे असते, पाववाल्यालाही आणि बिअरवाल्यालाही. शेजारच्या बव्हेरियात १५१६ साली बिअर जव, हॉप आणि पाण्याचीच करावी असा जो प्रसिद्ध हुकूम निघाला, त्याच्या कारणांत गहू पावासाठी राखून ठेवणे हेही एक होते, असे सांगितले जाते. भांडे एकच, त्यातून भाकरी आधी की पेय आधी, हा प्रश्न या लोकांना शतकानुशतके पडत आला.

१८१७चा उन्हाळा चांगला गेला. जुलैच्या अखेरीस कापणीची पहिली गाडी शहरांच्या वेशीवर आली तेव्हा लोक फुले घेऊन तिला सामोरे गेले. चर्चच्या घंटा वाजल्या, शाळकरी मुले पुढे गात चालली, आणि म्हातारी माणसे पेंढ्यांना हात लावून रडली. या गाड्यांची चित्रे तेव्हा छापून घरोघर लागली. आपल्याकडे नवान्नाला नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. त्या चित्रांसमोर उभे राहिले की त्या लोकांच्या मनात काय असेल ते समजायला भाषा लागत नाही.

विल्हेल्म आणि कातारिना इथे थांबले असते तरी प्रजेने त्यांचे गुण गायले असते. पण पुन्हा आभाळ रुसले तर काय, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १८१७ मध्ये शेतकी संघ निघाला. १८१८च्या मे महिन्यात मोलकरणी, मजूर, सालदार यांना दोन-चार नाणीही ठेवता यावीत म्हणून बचत बँक उघडली, कारण गेल्या हिवाळ्यात पहिली माणसे रस्त्यावर आली ती गाठीला काही नसलेली. ऑगस्टमध्ये मुलींची शाळा निघाली. नोव्हेंबरात होहेनहाइमच्या राजवाड्यात शेतीचे विद्यालय सुरू झाले. योहान नेपोमुक श्वेर्त्स या पहिल्या प्रमुखाने बेल्जियमकडच्या सुधारलेल्या नांगराचा नमुना आणला आणि होहेनहाइमचा नांगर दूरवर नावाजला गेला. आज ते विद्यापीठ आहे आणि वर्ग अजून त्याच राजवाड्यात भरतात.

या साखळीतलाच एक दुवा म्हणजे जत्रा. २८ सप्टेंबर १८१८, राजाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, कानश्टाटच्या कुरणावर पहिला शेतकी उत्सव भरला. कातारिनाची आणि राजाची कल्पना साधी होती. ज्याने उत्तम घोडा, बैल, मेंढा, डुक्कर वाढवले असेल त्याला सगळ्यांसमोर राजाच्या हातून बक्षीस मिळावे. इतरांनी ते जनावर डोळ्यांनी पाहावे, दात मोजावेत, पाठीवर हात फिरवावा आणि घरी जाऊन तसे करून पाहावे. नवी अवजारे मांडली होती. घोड्यांच्या शर्यती झाल्या. कानश्टाट तेव्हा काही हजार वस्तीचे गाव होते, आणि त्या एका दिवशी तिथे ३०,००० माणसे जमली असे सांगतात. दोन वर्षांपूर्वी यांतले कितीतरी जण गवताची मुळे उकडून खात होते.

मैदानाच्या मधोमध दरबारी वास्तुकार निकोलाउस थुरे याने एक खांब उभा केला होता, कणसांनी आणि फळांनी मढवलेला. युरोपातले काही विजयस्तंभ तोफा वितळवून केलेले असत. हा शेतात पिकलेल्या मालाचा होता. त्याच्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला तो कशावरचा विजय आहे हे सांगावे लागत नव्हते.

बव्हेरियात म्युनिकची जत्रा त्याआधी आठ वर्षे, १८१०च्या ऑक्टोबरात, युवराज लुडविगच्या लग्नानिमित्त झालेल्या घोड्यांच्या शर्यतीतून निघाली, आणि शेतकी प्रदर्शन तिला पुढच्या वर्षी जोडले गेले. दोघींना बहिणी म्हणतात. पण एक लग्नघरातून आली आणि दुसरी दुष्काळातून, हा फरक मला मोठा वाटतो.

पहिल्या जत्रेत बिअर मुख्य नव्हती. हा द्राक्षांचा मुलूख. शेतकरी वाइन पीत आणि त्याहून जास्त ‘मोस्ट’, म्हणजे सफरचंदांचा आणि नासपतींचा आंबवलेला रस. बिअर वर आली ती शतकाच्या उत्तरार्धात, कारखाने आणि रेल्वे आल्यावर. शरद ऋतूशी तिचे नाते मात्र जुने आहे. थंडीत हळू आंबणाऱ्या बिअरला उष्मा सोसत नाही. बव्हेरियात तर १५५३पासून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायलाच बंदी होती. म्हणून वसंतात जराशी तीव्र बिअर करून ती जमिनीखालच्या थंड तळघरांत, नदीतून कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्यांत साठवत. शरदात नवा हंगाम सुरू होण्याआधी ती पिंपे रिकामी करावी लागत. कापणी संपलेली, हात मोकळे, पिंपे संपवायची: जत्रेला याहून चांगला मुहूर्त कोणता? १८७०च्या दशकात कार्ल लिंडेने शीतयंत्र बनवले आणि ही सक्ती संपली, पण रिवाज राहिला. स्टुटगार्टमध्ये १८८८ साली कार्ल डिंकेलाकरने आपला बिअरचा कारखाना काढला. आज वाझनवरच्या मंडपांत डिंकेलाकर, श्वाबेनब्रॉय आणि स्टुटगार्टर होफब्रॉय या इथल्याच बिअर मिळतात. मंडपांची संख्या वाढली, झोपाळे आणि पाळणे आले, एका दिवसाची जत्रा आठवड्यांची झाली. शेतकी प्रदर्शन मात्र अजून दर काही वर्षांनी जत्रेला लागून भरते, तेव्हा ट्रॅक्टर आणि गाई पुन्हा वाझनवर येतात.

खांबाचे पुढे काय झाले? १९१८ साली राजेशाही गेली आणि राजेशाहीची खूण म्हणून खांबही गेला. ज्यांनी तो काढला त्यांना त्यात राजा दिसला, भुकेचे वर्ष दिसले नाही. शंभर वर्षांत एवढे विसरायला होते. १९३५ साली, नाझी राजवटीत, तो परत उभा राहिला. त्या राजवटीला शेतकऱ्याच्या नावाचा गजर हवा होता. ज्या खांबाचा जन्म उपाशी माणसाला जगवण्यातून झाला, त्याला अशा लोकांनी मिरवावे ज्यांनी पुढे युरोपभर माणसांना उपाशी मारले, हे लिहिताना हात जड होतो. महायुद्धात जत्रा बंद पडली. युद्धानंतर उद्ध्वस्त स्टुटगार्टमध्ये ती पुन्हा भरू लागली.

देश सोडून गेलेले लोक मात्र खांब विसरले नाहीत. फिलाडेल्फियात श्वाबी स्थलांतरितांनी १८७३ साली कानश्टाटर फोल्क्सफेस्ट मंडळ स्थापन केले. ते आजही सप्टेंबर उजाडता उजाडता आपली जत्रा भरवते आणि तिथेही मधोमध फळांनी आणि भाज्यांनी मढवलेला खांब उभा करते. काटारिनेनफेल्डच्या नशिबी ते नव्हते. १९४१ साली स्टालिनने तिथल्या जर्मनांना मध्य आशियात हद्दपार केले. गावाचे आजचे नाव बोल्निसी.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरे आहेत. त्या नात्याने आलेल्या पाहुण्यांना इथे मोटारींचे संग्रहालय दाखवतात. कोणी २०१८च्या शरदात आला असता तर त्याला राजवाड्यासमोरच्या चौकात दुसरीच जत्रा दिसली असती. दोनशे वर्षे पुरी झाली म्हणून तिथे जुन्या वळणाची जत्रा भरवली होती. हाताने फिरवायची चक्रे, लाकडी घोडे, जुने बाजे. त्या चौकाच्या मध्यावर विल्हेल्मच्या पंचवीस वर्षांच्या राज्यकारभाराच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी स्तंभ आहे. २०२२ साली अशी जत्रा तिथे पुन्हा भरली.

वाझनवरचा मोठा पाळणा वर जातो तेव्हा एका बाजूला मोटार कारखान्याची छपरे दिसतात आणि नेकारच्या वरच्या अंगाला द्राक्षवेलींनी झाकलेली टेकडी, रोटेनबेर्ग. तिच्या माथ्यावर व्युर्टेमबेर्ग घराण्याचा मूळ किल्ला होता. विल्हेल्मने तो पाडला आणि तिथे १८२० ते १८२४ या काळात घुमटाची समाधी बांधली. कातारिना ९ जानेवारी १८१९ रोजी वारली, अवघ्या तिसाव्या वर्षी. तिच्या हयातीत ही जत्रा एकदाच भरली. विल्हेल्मने पुन्हा लग्न केले, आणखी पंचेचाळीस वर्षे राज्य केले, आणि १८६४ साली गेल्यावर त्याला त्याच्या इच्छेप्रमाणे तिच्याच शेजारी ठेवले. त्या टेकडीच्या उतारांवर सप्टेंबरच्या अखेरीस द्राक्षांची काढणी चालू असते. पाळण्यातून पाहिले तर पाठीवर करंड्या घेतलेली माणसे ओळींमधून खाली उतरताना दिसतात.